अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखतो, युरिक ॲसिड ७.३ : गाऊट समजायचं का?

रावपुऱ्याची लेक

आईसाठी विचारते आहे. वय ५६, वजन ७१ किलो, मधुमेह नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली गोळी रोज सकाळी. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा आठ-नऊ महिने दुखतोय. सकाळी पहिली दहा-पंधरा पावलं आखडलेली, मग जरा मोकळं होतं, आणि संध्याकाळी ओट्याशी तासभर उभं राहिलं की पुन्हा ठणकतं. जिना चढताना, उकिडवं बसताना आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभं राहताना कळ जास्त येते. सांध्याच्या वरच्या अंगाला वाटाण्याएवढा टणक उंचवटा आलाय, तो बंद बुटात घासतो. लाल होणं, गरम लागणं, रात्रीतून अचानक सुजणं असं एकदाही झालेलं नाही.

रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ७.३, शेजारी वर जाणारा बाण. त्यावरून फेबुक्सोस्टॅट ४० ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी लिहून मिळाली आहे, अजून सुरू केलेली नाही. घरात डाळ, टोमॅटो, पालक, सेव उसळ सगळं बंद. एक्स-रे काढलेला नाही.

हा गाऊटच आहे का? डाळ बंद ठेवायची का? आणि नवरात्राला सहा आठवडे उरलेत, आईला गरबा सोडायचा नाही, त्याचं काय करता येईल?

सांधेमोड

ताई, तुम्ही जे लिहिलंत त्यात गाऊटचं एकही लक्षण नाही. फक्त एक आकडा आहे, आणि आकड्यावरून गाऊट ठरत नाही.

गाऊट कसा येतो ते आधी पाहा. रक्तात युरिक ॲसिडचं प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पूर्ण विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात. अंगठा शरीराच्या मधल्या भागापेक्षा थंड असतो आणि थंडाव्यात स्फटिक लवकर धरतात, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच. हे स्फटिक वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतात. एखाद्या रात्री शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि मग जे होतं ते लपत नाही: झोपताना ठीक असलेला पाय पहाटे लालबुंद, चकचकीत, तापलेला, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसत नाही, १२ ते २४ तासांत दुखणं शिखरावर, आणि औषध नसलं तरी एक-दोन आठवड्यांत पूर्ण ओसरतं. दोन झटक्यांच्या मधे सांधा बहुधा अगदी चांगला असतो. तुमच्या आईचं याच्या उलट आहे. रोज थोडं, वापराप्रमाणे कमी-जास्त, आणि अंगठा वर वळवायची वेळ आली की ठरलेली कळ.

हे चित्र सांध्याच्या झिजेचं आहे. डॉक्टर त्याला हॅलक्स रिजिडस म्हणतात, साध्या भाषेत ताठर अंगठा. कूर्चा झिजते, आणि सांध्याच्या वरच्या कडेला हाडाची नवी वाढ होते. तुम्हाला लागणारा उंचवटा तोच. पाऊल मागे राहून अंगठा वर वळला की वरचं हाड त्या उंचवट्यावर आपटतं. दाराच्या चौकटीत खडा अडकला की दार जसं ठरावीक ठिकाणी थांबतं, तसं. जिना, उकिडवं, चवडे या तिन्हींत अंगठा वर वळतो, म्हणून तिन्हींत दुखतं.

घरी एक तपासणी करा. आईला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीवर सपाट. एका हाताने चवडा जमिनीला दाबून धरा, दुसऱ्या हाताने अंगठा वर उचला. धरायचा तो बुडाजवळच्या हाडाला, टोकाला नाही. टोकाला धरलं तर नखाजवळचा दुसराच सांधा वळतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक बाजूला उभा धरून कोन वाचा. निरोगी सांधा हाताने उचलल्यावर ६५ ते ७५ अंश जातो, सपाट चालायला साधारण ४५ ते ६० लागतात. डावा पायही मोजा, कारण खरी तुलना स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी. उजवा ३०-३५ला अडला आणि अडतो तिथेच वरच्या बाजूला दुखलं, तर निदान जवळजवळ झालंच.

मग अंगठा मधल्या स्थितीत ठेवून, किंचित आत दाबत गोल फिरवा. यात दुखलं नाही आणि फक्त शेवटच्या टोकाला दुखलं, तर झीज अजून वरच्या कडेपुरती आहे. मधेच करकर होऊन दुखलं तर पूर्ण सांधा झिजलाय. पुढचे उपाय यावरून बदलतात.

एक्स-रे काढाच, पण उभ्याने, पायावर वजन टाकून; समोरून आणि बाजूने. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसते, आणि वरचा उंचवटा बाजूच्या एक्स-रेशिवाय दिसत नाही. बडोद्यात सयाजी रुग्णालयाच्या हाडांच्या बाह्यरुग्ण विभागात गेलात किंवा खाजगीत, चिठ्ठीवर 'उभ्याने' हा शब्द लिहून घ्या.

फेबुक्सोस्टॅटबद्दल. झटका कधीच आला नसेल, कातडीखाली स्फटिकांच्या गाठी नसतील, तर नुसत्या वाढलेल्या युरिक ॲसिडसाठी ते उतरवणारी औषधं देऊ नयेत असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा की झटका एकही नसताना ही कशासाठी. दुसरं म्हणजे आईच्या रक्तदाबाच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड हा भाग स्वतःच युरिक ॲसिड वाढवतो. ती गोळी मनाने बंद करू नका, पण बदलता येईल का हे त्याच भेटीत विचारा.

औषधांच्या दुकानामागून

रक्तदाबाच्या गोळीबद्दल थोडी भर. रक्तदाबाच्या औषधांत लोसार्टन युरिक ॲसिड थोडं उतरवतं, म्हणून थायझाइड बदलायचं ठरलं तर डॉक्टर बऱ्याचदा त्याचा विचार करतात. आणि डाळ लगेच सुरू करा. तूर, मूग, मसूर, वाटाणा, पालक, टोमॅटो यांतल्या प्यूरिनमुळे (शरीरात मोडून ज्याचं युरिक ॲसिड होतं तो घटक) गाऊट वाढतो असं मोठ्या पाहण्यांत आढळलेलं नाही. प्यूरिन आहे, पण त्याचा परिणाम मांसातल्या प्यूरिनसारखा होत नाही. ५६ व्या वर्षी डाळ बंद केली तर स्नायू झडू शकतात, आणि दुखऱ्या पायाला स्नायूंचाच आधार असतो. सेव उसळीतल्या वाटाण्याने काही बिघडत नाही.

खरोखर टाळायचं ते म्हणजे कलेजी, गुर्दा, पाया सूप, कोळंबी आणि बीअर. त्याच्याइतकीच टाळायची, पण लोकांना पटत नाही, अशी गोष्ट म्हणजे साखरेची पेयं: कोल्ड्रिंक, उसाचा रस, डब्यातले फळांचे रस. साखरेतला फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिडच तयार होतं. वरणातला गुळाचा खडा यात धरू नका, रोजचे दोन मोठे ग्लास धरा. दूध आणि ताक चांगलं.

कारेलीबाग ४१

याच धाग्यात विचारतो. मोठ्या भावाचं प्रकरण वेगळं आहे. वय ४४, वर्षभरात तीनदा तोच प्रकार: मध्यरात्री डाव्या अंगठ्याचा सांधा लाल, सूज, चादर लागली तरी ओरडतो, आठ दिवसांत बरा. तिसऱ्या वेळी दुसऱ्याच दिवशी युरिक ॲसिड तपासलं तर ५.९ आलं, म्हणून गाऊट नाही असं सांगितलं गेलं. मग हे काय? दुखत असताना गरम पाण्याचा शेक आणि हळद-चुन्याचा लेप चालू होता.

औषधांच्या दुकानामागून

दादा, हा गाऊट असण्याची शक्यता खूप आहे, आणि ५.९ने तो खोटा ठरत नाही. झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांचं उतरलेलं असतं. झटका पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, तो आकडा खरा. पक्कं निदान सांध्यातलं पाणी सुईने काढून, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहून होतं. १९६१पासून हीच खात्रीची पद्धत आहे. अंगठ्याच्या सांध्यात पाणी कमी असतं, म्हणून जमत नसेल तर सोनोग्राफीत कूर्चेवर स्फटिकांचा दुसरा थर दिसतो का ते बघतात.

शेक बंद करा. झटक्यात सांधा आधीच पेटलेला असतो, उष्णतेने सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून चार वेळा, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर. चुना नको, ताणलेल्या पातळ कातडीला त्याने भाजतं. चोळणं आणि अंगठा ओढून 'मोकळा' करणंही नको.

औषध. झटक्यासाठी तीन प्रकार आहेत आणि कोणतं द्यायचं ते मूत्रपिंड, पोट, हृदय, साखर बघून डॉक्टर ठरवतात. पहिला प्रकार नॅप्रॉक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ५ ते ७ दिवस. मूत्रपिंड कमकुवत असेल, अल्सर होऊन गेला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही नाही. दुसरा कोल्चिसिन. आपल्याकडे गोळी ०.५ मिलिग्रॅमची मिळते: सुरुवातीला २ गोळ्या, तासाने १, त्या दिवशी एवढंच, दुसऱ्या दिवसापासून १ गोळी एकदा किंवा दोनदा, झटका शमेपर्यंत. दुखणं सुरू झाल्यावर जितक्या लवकर घेतली तितका तिचा उपयोग जास्त. पूर्वी दर तासाला एक, जुलाब लागेपर्यंत असं देत. ते आता चूक मानलं जातं. कमी डोस तितकाच काम करतो आणि जुलाब कितीतरी कमी होतात हे २०१०च्या तुलनात्मक चाचणीत दिसलं. कोल्चिसिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कधीही नको. ते कोल्चिसिन शरीराबाहेर पडू देत नाही, जीवावर बेतू शकतं. डिल्टियाझेम, व्हेरापामिल चालू असेल तरी डॉक्टरांना आधी सांगा. तिसरा प्रेडनिसोलोन, ३० ते ३५ मिलिग्रॅम रोज, ५ दिवस. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, रोज तपासावी लागते.

काउंटरवर नेहमी दिसणारी चूक अशी की ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी चालू आणि वरून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. दोन्ही एकाच जातीची. दुखणं दुपटीने कमी होत नाही, मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो.

वर्षात तीन झटके म्हणजे युरिक ॲसिड उतरवायचं औषध सुरू करण्याचं सरळ कारण. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, मूत्रपिंड कमकुवत असेल तर ५०ने सुरुवात. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून वाढवत आकडा ६च्या खाली आणायचा. ३०० ही काही ठरलेली मर्यादा नाही, आकडा खाली येईपर्यंत डॉक्टर त्याहून वरही नेतात. बहुतेक लोक इथेच सोडून देतात, कारण सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढतात. औषध लागू पडत नाही असं वाटतं. होतं असं की जुने स्फटिक विरघळायला लागले की हलतात आणि पेशी पुन्हा चवताळतात. म्हणून सोबत कोल्चिसिन ०.५ रोज, ३ ते ६ महिने द्यायचं असतं. तेवढी एक ओळ चिठ्ठीत आहे का बघा. एकदा सुरू झालेलं ॲलोप्युरिनॉल झटका आला म्हणून बंद करायचं नाही. मात्र अंगावर पुरळ आलं, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. फेबुक्सोस्टॅट हा पर्याय आहे, पण हृदयविकार असलेल्यांत २०१८च्या एका मोठ्या चाचणीत ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयविकाराने जास्त मृत्यू आढळले; नंतरच्या एका चाचणीत तसं दिसलं नाही. हृदयाचा त्रास असेल तर विचारूनच.

नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपासाबद्दल तुमच्या भावाला आताच सांगून ठेवा. उपाशी राहिल्यावर शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे किटोन मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात, आणि पाणीही कमी जातं. निर्जळी उपास गाऊट असलेल्याने करूच नये. फराळ, ताक, दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी चालू ठेवावं. मूत्रपिंड किंवा हृदयामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते पाळून.

सांधेमोड

एक गोष्ट यात सुटू नये. लाल, गरम, सुजलेला सांधा आणि सोबत थंडी-ताप, किंवा जवळ जखम, नखाचा पू, किंवा मधुमेह, तर गाऊट धरून घरी बसू नका. सांध्यात जंतू शिरले तर कूर्चा दिवसांत खराब होते. त्याच दिवशी रुग्णालय, आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी सांध्यातलं पाणी तपासायला गेलं पाहिजे. मधुमेह्याचा पाय लाल, सुजलेला आहे पण फारसा दुखत नाही, ही तर जास्तच काळजीची गोष्ट: नसा बधिर झालेल्या पायात हाडं न दुखता मोडतात.

जोडेकाम

पहिल्या ताईंच्या आईकडे परत येतो. ताठर अंगठ्याला गोळीपेक्षा जोडा जास्त कामाला येतो, आणि जोडा घेतानाच लोक चुकतात. 'मऊ घ्या, पाय दुखतो ना' असं म्हणून पातळ लवचिक सोलचा स्पोर्ट्स शूज घेतात. तो जोडा चवड्याशी दुमडतो, म्हणजे अंगठाही दुमडतो, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे.

दुकानात जोडा हातात घ्या, एका हाताने टाच, दुसऱ्याने टोक धरा आणि वाकवा. चवड्याच्या जागी दुमडला तर परत ठेवा. हवा तो न दुमडणारा, आणि सोल पुढे होडीच्या नाळेसारखा वर उचललेला. असा सोल पायाला पुढे लोटून देतो, अंगठ्याला वाकावं लागत नाही. याला रॉकर सोल म्हणतात. तयार मिळाला नाही तर चांगल्या जोडेवाल्याकडून चालू जोड्यावर बसवून घेता येतो: मूळ सोलखाली दाट रबराचा किंवा दाट ईव्हीएचा (जोड्याच्या तळाला वापरतात तो फोम) १० ते १२ मिलिमीटरचा थर, आणि त्याचा उतार चवड्याच्या हाडांच्या थोडा मागून सुरू झाला पाहिजे. जागा अशी काढा: आईला जोड्यात उभं करून चवड्याच्या रुंद भागावर बाहेरून खडूची रेघ मारा, उतार त्या रेघेच्या सेंटीमीटरभर मागे. पुढे गेला तर अंगठा वाकतोच, फार मागे गेला तर तोल जातो. दुसऱ्या जोड्यालाही तेवढीच जाडी द्या, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते.

स्वस्त मार्ग असा की आतल्या सुकतळ्याखाली, अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारी ताठ पट्टी घालायची. कार्बन फायबरची तयार प्लेट मिळते. मधल्या काळात पातळ पोलादी पट्टीही चालते. तिच्या कडा घासून गोल करा आणि टोकाशी कातडं चिकटवा. पट्टी घातली की जोड्यातली उंची कमी होते, म्हणून मूळ जाड सुकतळा काढून पट्टीवर पातळ सुकतळा घाला.

उंचवट्यावर दाब येऊ नये म्हणून जोड्याचा पुढचा भाग उंच आणि रुंद हवा. नाडी सगळ्या छिद्रांतून न घालता उंचवट्यावरचं एक छिद्र सोडून ओवा, बराच फरक पडतो. अंगठ्याचं वेगळं वेटोळं असलेली सपाट चप्पल सध्या नको. तळ पातळ असतो आणि चप्पल धरून ठेवायला अंगठा सतत आवळावा लागतो. घरात फरशीवर अनवाणी फिरणंही थांबवा. ओट्याशी उभं राहायला रॉकरची जाड सँडल ठेवा.

अंगठा बाहेरच्या बोटांकडे वळून आतल्या कडेला गाठ आलेली असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे बोटांमधला सिलिकॉनचा तुकडा घासणं थांबवतो, अंगठा सरळ करत नाही. सरळ करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रात्रीच्या पट्ट्यांवर पैसे घालू नका.

दोढियुं

माझाही अंगठाच, पण खालून दुखतो. गरब्याचा सराव अनवाणी, रोज दोन तास. चवड्यावर फिरकी घेताना अंगठ्याच्या बरोब्बर खाली खडा रुतल्यासारखं होतं. वरून दाबलं तर काही नाही. वय २३. नवरात्रात नाचता येईल का?

पाऊलखुणा

ताई, तुमचं दुखणं बहुधा सेसमॉइडचं. अंगठ्याच्या सांध्याखाली स्नायूच्या दोरीत वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, गुडघ्याच्या वाटीसारखं काम करतात. अनवाणी, कडक जमिनीवर, चवड्यावर सगळं वजन घेऊन फिरकी म्हणजे ती दोन हाडं जमीन आणि सांधा यांमध्ये चिरडली जातात. ओळखायला खालून बोटाने नेमकं दुखणारं ठिकाण दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने अंगठा वर-खाली करा. दुखणारा बिंदू अंगठ्याबरोबर पुढेमागे सरकला तर सेसमॉइडच.

एक झटका बसून, अंगठा मागे दुमडून दुखणं सुरू झालं असेल, खाली निळं पडलं असेल, तर तो अस्थिबंध ताणला किंवा फाटला आहे. तेव्हा चालणंच बंद करून एक्स-रे.

नाहीतर चार ते सहा आठवडे चवड्यावरच्या उड्या आणि फिरक्या पूर्ण बंद. दुखऱ्या जागेचं वजन उतरवायला फेल्टची गादी: ६ मिलिमीटर जाड चिकट फेल्ट, इंग्रजी जे अक्षरासारखा कापलेला, म्हणजे चवड्याखाली आधार आणि अंगठ्याच्या सांध्याखाली मोकळा खड्डा. बरेच लोक गादी दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली लावतात, त्याने दाब वाढतो. जागा सापडत नसेल तर दुखणाऱ्या बिंदूला लिपस्टिकचा ठिपका लावून जोड्याच्या सुकतळ्यावर उभ्या राहा, ठसा उमटेल तिथे गादीचा तेवढा भाग कापून टाका.

दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा बसल्या जागीही ठणकतं, तर सेसमॉइड व्ह्यूसह (त्या दोन हाडांसाठी खास कोनातून) एक्स-रे, लागलं तर एमआरआय. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि काही जणांचं हाड जन्मतःच दोन तुकड्यांचं असतं. कडा गुळगुळीत की खडबडीत यावरून डॉक्टर ओळखतात. तडा असेल तर सहा ते आठ आठवडे बूट-प्लास्टर आणि या वर्षी गरबा नाही. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन नाचायला उतरू नका. दुखणं झाकलं जातं, तडा वाढतो.

रावपुऱ्याच्या ताई, तुमच्या आईचे व्यायाम लिहितो, पण आधी काय करायचं नाही ते. 'आखडलाय, रोज वर ओढून सोडवा' हा सल्ला बहुतेक घरांत मिळतो. ताठर अंगठ्यात वर ओढल्यावर हाडावर हाड आपटतं, ताण कूर्चेवर पडतो. गुडघे टेकून बोटं मुडपून टाचांवर बसणं, सूर्यनमस्कारात मागच्या पायाचा चवडा रोवणं, हे दोन्ही बंद. सूर्यनमस्कार सोडायला नको, मागच्या पायाचं पाऊल जमिनीवर उलटं सपाट ठेवून गुडघा टेकवला की झालं.

करायचं ते असं. एका हाताने पायाच्या बाजूचं हाड घट्ट धरायचं, दुसऱ्याने अंगठा बुडाजवळ धरून सरळ रेषेत, वर नाही, पुढे हलकेच ओढायचा. ३० सेकंद, तीन वेळा. ओढलेला असतानाच न दुखेल एवढ्याच टप्प्यात वर-खाली १५ वेळा. मग पाऊल सपाट ठेवून अंगठा न मुडपता जमिनीत दाबायचा, ५ सेकंद धरून सोडायचा, १० वेळा. शेवटी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, एकदा गुडघा सरळ आणि एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद तीन वेळा. पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर वजन जास्त वेळ राहतं, म्हणून पोटरी सोडवणं हे अंगठ्याचंच काम आहे. दिवसातून दोनदा. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलेलं, तर ठीक. राहिलं तर संख्या निम्मी करा.

रावपुऱ्याची लेक

मनापासून आभार. मोजलं: उजवा ३२, डावा ६४. गोल फिरवताना मधे दुखत नाही, फक्त वर टोकाला. उभ्याने एक्स-रे काढला, त्यात सांध्याच्या वरच्या कडेला हाडाची वाढ, फट थोडी कमी, हाड कुरतडलेलं नाही. डॉक्टरांनी फेबुक्सोस्टॅट थांबवली आणि रक्तदाबाची गोळी बदलायचं बघतो म्हणाले. शस्त्रक्रियेचाही उल्लेख झाला, तिने आई घाबरली आहे. इंजेक्शन घेऊन नवरात्र काढता येईल का असंही विचारते.

सांधेमोड

हाड कुरतडलेलं नाही ही चांगली खूण. जुन्या गाऊटमध्ये हाडाच्या कडेला पंचने भोक पाडल्यासारखे खड्डे पडतात आणि फट उशिरापर्यंत शाबूत राहते; इथे उलट आहे.

शस्त्रक्रियेची घाई नाही. जोडा आणि व्यायाम किमान तीन महिने नीट करून पाहा. पुढे लागलीच तर तुमच्या आईच्या टप्प्यावर होते ती लहान: वरचा उंचवटा आणि हाडाच्या डोक्याचा वरचा पाव ते तिसरा हिस्सा काढून टाकतात, त्याला चायलेक्टॉमी म्हणतात. त्याच दिवशी कडक तळाच्या बुटात उभं करतात, काही दिवसांत अंगठा हलवायला सुरुवात, साधा जोडा काही आठवड्यांनी. अंगठा हलवायला उशीर केला तर पुन्हा आखडतो, इथेच बऱ्याच शस्त्रक्रिया वाया जातात. पूर्ण सांधा झिजलेल्यांसाठी दुसरी असते, दोन्ही हाडं जोडून टाकण्याची. दुखणं खात्रीने जातं, पण नंतर चवड्यांवर उकिडवं बसता येत नाही. करायची वेळ आली तर कोणती आणि का हे आधी विचारून घ्या.

इंजेक्शन नवरात्रासाठी म्हणून घेऊ नका. स्टिरॉइडने काही आठवडे दुखणं दबतं, आणि तेवढ्याच आठवड्यांत नऊ रात्री सांधा आपटत राहील. घ्यायचंच तर व्यायाम सुरू करायला मदत म्हणून, विश्रांतीच्या काळात, आणि वारंवार नाही.

पाऊलखुणा

गरब्याचं मात्र जमेल. सहा आठवडे जोडा आणि व्यायाम, चार आठवड्यांनंतर घरात दहा मिनिटं ताल धरून पाहायचं. बे ताळी, त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचे गरबे) पूर्ण पाऊल टेकवून करता येतात. उड्या आणि चवड्यावरच्या फिरक्या सोडून द्या, वळायचं तर टाच टेकवून छोट्या तीन पावलांत वळा. वर्तुळाच्या बाहेरच्या रांगेत वेग कमी करून मागे पडता येतं, आतल्या रांगेत थांबायला जागा नसते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, एक दिवस आड.

त्या दिवशी टेप. पाय धुऊन कोरडा करा. २५ मिलिमीटरचा न ताणणारा झिंक ऑक्साइड टेप घ्या. एक पट्टी अंगठ्याभोवती बुडाजवळ, आवळून नाही. एक पावलाच्या मध्यावर. मग अंगठा सरळ ठेवून, जरासुद्धा वर नाही, अंगठ्याच्या तळापासून निघून चवड्याखालून मधल्या पट्टीपर्यंत तीन पट्ट्या, एकावर एक अर्ध्या चढवून. दोन्ही टोकं पुन्हा एकेका पट्टीने बांधा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर टेप घट्ट आहे, काढून पुन्हा लावा. अनवाणी नाचायचं असेल तर टेपवर पातळ मोजा घालू नका, घसरतं. टेप त्याच रात्री काढा, कोरडा ओढून नाही, खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबून. त्वचा लाल झाली असेल तर दुसऱ्या दिवशी टेप नाही, आणि टेप नाही म्हणजे त्या दिवशी वर्तुळाबाहेर खुर्चीवर बसून टाळ्या.